गाठ माझी हाय की

आज आत्तीला घेऊन सकाळच्या बसनं खानापूरहून बेळगावला. तिच्या गाठीसाठी ट्यूमर बोर्ड होता. म्हणजे सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून रिपोर्ट बघतात आणि आधी काय, नंतर काय ते ठरवतात. आम्ही बाहेर बाकावर.

मग आत बोलावलं. डॉक्टर आपसात इंग्रजीत, सिस्टर कन्नडात, आणि सगळे बघणार माझ्याकडं. 'निओॲडज्युव्हंट' तीनदा ऐकलं. मी मान हलवली (कळलं काहीच नव्हतं, खोटं कशाला सांगू). शेवटी आत्तीच म्हणाली, "डॉक्टर, गाठ माझी हाय की. मला सांगा."

एक तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. कागदावर चित्र काढून मोडक्या मराठीत म्हणाल्या, गाठ मोठी आहे, म्हणून आधी किमो, बारीक झाली की ऑपरेशन (तेच ते निओॲडज्युव्हंट). दर २१ दिवसांनी डोस.

"मग भातकापणीला जाऊ का?"

माझ्या प्रश्नांच्या यादीत हा नव्हताच. डोसनंतर दोनेक आठवडे नको, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप आला तर रात्री असली तरी या, म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये आत्ती तो कागद काढून बघत होती. "बटाट्यासारखी काढलीया बघ," म्हणाली.