रोल ११ आणि १२: मंडई, तांबट आळी आणि आमचं स्वयंपाकघर

बरेच दिवस काही टाकलं नाही, पावसाने दोन रोल संपवायलाच दीड महिना लागला, पण काल रात्री दुसरा रोलही धुऊन वाळत घातला आणि सकाळी उठल्या उठल्या खिडकीशी धरून बघितला तेव्हाच ठरवलं की आजच लिहायचं. दोन्ही रोल एचपी५ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे, ४०० आयएसओलाच, कॅमेरा नेहमीचा निकॉन एफएम१० आणि ५० एमएम लेन्स. लांब कुठेच गेले नाही. सगळं पुण्यातलंच आणि त्यातलं अर्धं तर घरातलं.

आधी मंडई. रोल ९ मध्ये मंडईचे फोटो फसले होते ते आठवत असेल. डोळ्यांना टोमॅटोचा ढीग आणि शेजारच्या कोथिंबिरीच्या जुड्या इतक्या उठून दिसत होत्या आणि फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत बुडाले, कारण उजेड सारखा पडला असेल तर लाल आणि हिरवा फिल्मला जवळजवळ सारखेच दिसतात. मग यावेळी लाल फिल्टर लावला. तो लाल उजेड आत सोडतो आणि हिरवा अडवतो, हे वाचून माहीत होतं, पण निगेटिव्ह पॉझिटिव्ह करून बघितल्यावर खरंच अंगावर काटा आला. टोमॅटो जवळजवळ पांढरे, कोथिंबीर काळीभोर, आणि ज्या दोन-चार टोमॅटोंना हिरवा देठ राहिला होता त्यांच्यावर नेमकी एक छोटी काळी चांदणी. रोज भाजी घेताना तो देठ आपण बघतो तरी का?

किंमत मोजावी लागते ती उजेडाची. कडेच्या गाळ्यांपाशी १/६० सेकंद शटर आणि एफ २.८ अपर्चर मिळत होतं, लाल फिल्टरने तीन स्टॉप खाल्ले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे अपर्चर एफ २ पर्यंत उघडूनही शटर १/१५ वर आणावं लागलं. कॅमेरा लाकडी खोक्यावर टेकवून, श्वास रोखून सहा फ्रेम काढल्या, त्यातल्या दोन स्पष्ट आल्या. आणि माणसांसाठी हा फिल्टर मला तरी पटला नाही. भाजीवाल्या मावशींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पार फिकट पडल्या. त्यांचा फोटो नंतर फिल्टर काढून घेतला तेव्हा कुठे त्या त्या वाटल्या. (टोमॅटो अर्धा किलो घेतलेही, नुसतं बघून कसं निघणार.)

आता या सगळ्यातली माझी सगळ्यात आवडती जागा, कसबा पेठेतली तांबट आळी. तिथे शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. मठारकाम म्हणजे तयार भांड्यावर हातोडीने एकेक ठोका शेजारी शेजारी देत जायचं, त्याने भांडं मजबूत होतं आणि अंगभर आरशासारखे बारीक खळगे उठतात. मी घागर घेऊन बसलेल्या एका काकांना विचारून फोटो काढायला बसले तर ते म्हणाले, "ताई, रंगच नाही म्हणता, मग तांबं आहे हे कळायचं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. दारातून एकाच बाजूने उजेड येत होता, घागरीची एक बाजू झगझगीत, दुसरी अंधारात. अंधारातल्या बाजूचा उजेड कॅमेऱ्यातल्या मीटरने मोजला आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी केले, म्हणजे झोन सिस्टीमवाले (फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या छटांना नंबर देणारे) ज्याला झोन ३ म्हणतात त्या गडद पण तपशील दिसणाऱ्या छटेत सावली बसवली, आणि घरी आल्यावर डी-७६ डेव्हलपरात तेवढंच पाणी मिसळून त्यात ११ मिनिटांऐवजी ९ मिनिटंच डेव्हलप केलं, खळग्यांमधली चमक जळू नये म्हणून. ते काम झालं. प्रत्येक खळग्यात उजेडाचा एक ठिपका आणि त्याला लागूनच सावलीची कोर आहे, ओळीने, घागर वळते तसतशी ती ओळ बारीक होत जाते. रंगीत फोटोत (मोबाईलवर तोही काढला होता) नजर त्या तांबूस चकाकीवरच थांबते, ठोके दिसतच नाहीत. मित्राच्या एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायचं यंत्र) ८ बाय १० प्रिंट काढून मागच्या आठवड्यात काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि एका जागी बोट ठेवून म्हणाले, "इथे हात जरा जड पडलाय बघा माझा." मला तर ती जागा दिसलीही नव्हती.

रोल १२ घरातला. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी सातच्या सुमाराला जेमतेम वीस मिनिटं उजेड ओट्यावर तिरका येतो. जोसेफ सुदेक या फोटोग्राफरचा पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, पुढे त्याने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे आणि तिथे ठेवलेल्या साध्या पाण्याच्या ग्लासाचे वर्षानुवर्षं फोटो काढले. ते फोटो बघितल्यापासून ओट्याशी उभं राहायला मला कंटाळा येत नाही. आजी कणीक मळत होती, परातीच्या कडेवर पिठाचा पातळ थर, आणि तिच्या बोटांनी त्यात ओढलेल्या चार रेघा. आख्ख्या रोलमध्ये हीच फ्रेम मला सगळ्यात आवडली.

दारातल्या रांगोळीने मात्र एक फ्रेम खाल्ली. काळसर फरशीच जास्त असल्यामुळे मीटर फरशीला राखाडी करायला जातं आणि रांगोळी नुसती पांढरी फटक होते, एकही दाणा दिसत नाही. दुसऱ्या फ्रेमला मीटरपेक्षा दीड स्टॉप कमी दिला आणि चिमटीतून सुटलेली रेघ कुठे जाड कुठे बारीक आहे तेही आलं.

फिल्म धुण्याबद्दल थोडं: नळाचं पाणी २६ डिग्री होतं, बर्फाच्या पाण्याच्या टबात बाटल्या ठेवून २० वर आणलं. रोल ११ वर पाण्याचे डाग पडले, आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं. रोल १२ ला शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटर आणि दोन थेंब वेटिंग एजंटने (त्याने पाणी थेंब न धरता निथळून जातं) केलं, एकही डाग नाही. दमट हवेत वाळायला रात्र गेली, बाथरूममध्ये आधी गरम शॉवर सोडून धूळ खाली बसू दिली होती त्याचाही उपयोग झाला.

रोल १३ आजच भरलाय. पाऊस उघडला की टेकडीवर जायचंय, सगळं हिरवं एकसारखं येऊ नये म्हणून पिवळा-हिरवा फिल्टर घ्यावा म्हणते. पावसाळ्यातल्या पानांवर कोणी वापरलाय का? एक्स्पोजर किती वाढवलंत तेही सांगा.