पिवळा रंग, मे महिना आणि 7 मण्यांची माळ

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, नागपूरच्या धंतोलीत आमच्या लॅबमध्ये एक पोटदुखीचा पेशंट आला, डॉक्टरांनी अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, तपासायला सांगितलेलं, आणि नेमकं त्याच दिवशी आमचं वर्किंग रीएजंट, म्हणजे टेस्टसाठी तयार केलेलं द्रावण, सकाळपासून पिवळट दिसून राहिलं होतं. ब्लँकचीच, म्हणजे सॅम्पल न घालता घेतलेली, रीडिंग वर. मी सरळ बाटली बाजूला केली, नवीन बनवलं, मगच सॅम्पल लावलं. पॅन्क्रियाला, म्हणजे स्वादुपिंडाला, अचानक सूज आली की रक्तातलं अमायलेज बहुतेक वेळा नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या 3 पटीच्याही वर जातं, आणि तिथे चुकीचा आकडा देणं मला जमणारच नाही.

आमच्याकडे शिकायला आलेला डीएमएलटीचा (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) पोरगा विचारत होता, मॅडम बाटली पिवळी कशानं झाली? खरं सांगू तर या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं.

त्या बाटलीत 7 ग्लुकोजची एक माळ असते, अमायलेज ती कापतं आणि त्यावरून आपण ते मोजतो. पूर्वी अमायलेजसाठी स्टार्च आणि आयोडीन वापरायचे, निळा रंग किती वेळात जातो ते बघायचे, पण स्टार्चच्या साखळ्या लहानमोठ्या, त्यामुळे लॉट बदलला की उत्तर बदलायचं. म्हणून मोजून 7 मणी. हे मणी मिळवायचा एक रस्ता म्हणजे बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन, हे 7 ग्लुकोजचं गोल कडं आहे, बॅक्टेरियाचं एक एन्झाइम स्टार्चपासून ते बनवतं. केमिस्टनं ते कडं बरोबर एकाच जागी तोडलं की 7 ची सरळ माळ हातात येते. जास्त तोडलं तर तुकडे होतात, म्हणजे काम नाजूकच. मग एका टोकाला नायट्रोफिनॉल जोडायचं, ते सुटं झालं की पिवळं दिसतं, 405 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजता येतं.

आणि दुसऱ्या टोकाला टोपी! एथिलिडीन नावाच्या छोट्या रासायनिक गटाची. रीएजंटमध्ये अल्फा ग्लुकोसायडेज हे दुसरं एन्झाइम असतं, ते टोकापासून एकेक ग्लुकोज खात येतं, टोपी नसेल तर पेशंटच्या अमायलेजची वाट न बघता ते अख्खी माळ संपवेल. टोपीमुळे त्याला सुरुवातच करता येत नाही. अमायलेजनं माळ मधून कापली, की मगच नायट्रोफिनॉलवाला तुकडा त्याच्या तोंडी लागतो आणि नायट्रोफिनॉल सुटं होतं. ही टोपी शेवटच्याच मण्यावर बसते कारण 4 आणि 6 नंबरच्या कार्बनवरचे दोन्ही हायड्रॉक्सिल (OH गट) फक्त तिथेच मोकळे असतात, बाकी सगळ्या मण्यांचा 4 नंबर शेजाऱ्याला जोडलेला. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा डोक्यात आणलं असेल त्याला माझा नमस्कार.

तर बाटली पिवळी का झाली? अमायलेज थुंकीत असतं, घामातही असतं. उघड्या बाटलीवर कुणी बोललं, शिंकलं, नाहीतर घामाचा थेंब टपकला तरी माळ कापली जाते. पारा 45 वर, कूलर फक्त गरम हवा फेकतोय, अशात घाम कोणाला येत नाही? तेव्हापासून आमच्याकडे ग्लोव्हज, मास्क आणि पिपेटची टिप काढली की लगेच झाकण, बाटली 2 ते 8 डिग्रीत परत.

पोरगा थोडा वेळ गप्प होता, मग म्हणे, मॅडम, टोपीवाल्या तुकड्याचं काय होतं मग? काही नाही रे, त्याला टोकापासून कुणी खाऊ शकत नाही, तो तसाच राहतो आणि शेवटी वेस्टच्या कॅनमध्ये जातो.