जेकब साहेबांसाठी एक चपटा दगड

आमचं गाव पुलगावपासून जवळच, त्यामुळं इकडं फौज म्हटलं की लोकांना पहिले तिथला दारूगोळ्याचा डेपो आठवतो. आमच्या घरात मात्र फौज म्हणजे बाबा. तोफखान्यात होते, ७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर. लढाईचं विचारलं की ते चिखलाचंच सांगत बसायचे, तोफ रुतली की कसे सगळे मिळून खांदा लावायचे, पायातला बूट आतच राहून जायचा, बाकी फारसं काही बोलायचे नाही.

समोरच्या खोलीत एक फोटो आहे, पेपरातून कापून फ्रेम केलेला. ढाका, १६ डिसेंबर १९७१. पाकिस्तानचा जनरल नियाझी शरणागतीवर सही करतोय, बाजूला आपले जनरल अरोरा बसलेत, सगळ्यांची नजर त्या दोघांवरच जाते. बाबा मात्र मागं उजवीकडं उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवायचे, इतक्यांदा ठेवलं की काचेवर तिथं डागच पडलाय. "हे पाय, हे जेकब साहेब. आपल्या तोफखान्याचे."

लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. तेव्हा मेजर जनरल होते, ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ. मोठी शहरं बाजूला टाकून सरळ ढाका गाठायचा यावर त्यांचा जोर होता. १६ तारखेला हा माणूस शरणागतीचा मसुदा घेऊन हेलिकॉप्टरनं ढाक्यात उतरला, तेही हत्यार न घेता. नियाझीकडं एकट्या ढाक्यात २६ हजारांच्या वर सैन्य होतं आणि आपले शहराबाहेर जेमतेम तीन हजार, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. तरी नियाझीला अर्धा तास दिला विचार करायला आणि बाहेर येऊन थांबले. तो अर्धा तास मला राहून राहून आठवतो, आत काय ठरतंय माहीत नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्याच दिवशी सही झाली, ९३ हजार लोक कैदेत आले, आणि आमचे बाबा घरी आले.

पुढं जेकब साहेब राज्यपाल झाले, आधी गोवा, मग १९९९ ते २००३ पंजाब. गोव्यात ९९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा तिथला कारभारही त्यांनीच पाहिला.

१३ जानेवारी २०१६ ला साहेब दिल्लीत वारले. आमच्याकडं संक्रांतीच्या तिळगुळाची गडबड सुरू होती. बाबा पेपर घेऊन ओट्यावर बसले ते उठेचनात. हुमायूं रोडच्या ज्यू कब्रस्तानात दफन, असं त्यात होतं. "साहेब ज्यू होते?" एवढंच म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग मीच वाचून सांगितलं, कलकत्त्याचं घराणं, मूळ बगदादकडचं, हिटलर ज्यू लोकांचे कसे हाल करून राहिला ते ऐकून १९४१ मध्ये फौजेत गेले. (आपल्या कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, ते वेगळे, त्यांची बोली मराठी.) लग्न केलं नव्हतं. तेव्हा बाबा म्हणाले, "मंग दिवस कोण केले असन?"

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ज्यू लोकांत गेलेल्यासाठी कद्दिश नावाची प्रार्थना करतात, बहुतेक मुलगाच म्हणतो, आणि त्याला दहा जण हजर लागतात. दिल्लीत त्यांची कुटुंबं मोजकीच. कबरीवर ते फुलं नाही, लहानसा दगड ठेवतात, कुणीतरी येऊन गेलं याची खूण म्हणून. हे ऐकल्यावर बाबांनी ठरवूनच टाकलं की आपण एक दगड न्यायचा. पण गुडघे गेले, मग डोळे गेले, आणि मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत बाबाच गेले. तेराव्याला सगळं गाव जेवलं.

दिवाळीनंतर पुतण्या यूपीएससीच्या क्लासला दिल्लीला परत निघाला, तेव्हा आई सकाळीच वर्धा नदीवर गेली. पदरात पाच-सहा दगड घेऊन आली, ओट्यावर मांडले, एकेक हातानं हलवून पाहिला. "चपटाच ने. गोल असन त घरंगळते." राखाडी, पोह्याच्या वडीएवढा, मधून एक पांढरी रेघ. बाबांच्या रुमालात बांधून दिला.

पुतण्यानं कब्रस्तानातून व्हिडिओ कॉल केला. प्रार्थनाघराला लागूनच आहे ते, खान मार्केटपासून फार दूर नाही. हिब्रू अक्षरांच्या ओळी दिसल्या, मग साहेबांचं नाव. त्यानं चप्पल काढली होती, ते कुणी सांगितलं नव्हतं त्याला. रुमाल सोडला, दगड ठेवला. नेटवर्कमुळं चित्र अडकलं, आम्ही दोघं नुसतेच स्क्रीनकडं पाहत बसलो. परत सुरू झालं तेव्हा आईनं फोन जवळ घेतला.

"हलते का रे?"

"नाही आजी, बसला."