कोलंबोत अडकलेला कांदा

वाशीतल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग ऑफिसात, म्हणजे निर्यातीचा माल कस्टममधून सोडवून जहाजावर पाठवणाऱ्या ऑफिसात, मी कागदपत्रं बघतो. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद), बीएल (जहाज कंपनीची पावती, जी दाखवल्यावरच माल ताब्यात मिळतो), फायटो सर्टिफिकेट (माल कीडमुक्त असल्याचा दाखला). जगात काय उलथापालथ चाललीय ते आम्हाला पेपराआधी बँकेच्या मेलवरून कळतं.

एप्रिल २०२२. आमच्या एका शेठचे कांद्याचे दोन रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर न्हावा शेवाहून कोलंबोला जाऊन उभे होते. मूळ बीएल तिथल्या बँकेत. घेणाऱ्याने डॉलर भरले की बँक कागद सोडणार. कोलंबोच्या पेट्टा बाजारातला हा घेणारा जुना, शब्दाचा पक्का. त्याच्याकडे श्रीलंकन रुपये होते, पण बँकेकडे द्यायला डॉलर नव्हते. मार्चमध्ये तिथल्या रुपयाचा भाव बाजारावर मोकळा सोडला आणि दोनशेच्या आसपासचा डॉलर महिनाभरात तीनशेपार गेला.

१२ तारखेला शेठ गाळ्यावरून थेट ऑफिसात आले. मी त्यांना प्लग-इन (कंटेनर थंड ठेवायच्या विजेचा खर्च) आणि डिटेंशनचा (कंटेनर अडकवून ठेवल्याचा दंड) रोज चढणारा आकडा दाखवत होतो, तेवढ्यात बातमी आली: श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. शेठ म्हणाले, "कर्जवाले थांबतील रे. कांदा थांबतोय का? कोंब येतात त्याला."

तेव्हा जो तो चीनच्या कर्जाबद्दल बोलत होता. खरं तर बाजारात रोखे विकून उचललेलं कर्ज त्याहून जास्त होतं. त्यात २०१९च्या शेवटी व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणलेला, कोविडमध्ये पर्यटन बसलेलं, आणि २०२१मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद. पीक घटलं की धान्य बाहेरून आणायचं, ते आणायला पुन्हा डॉलरच.

शेवटी माल मालदीवच्या राजधानीला, मालेला वळवायचं ठरलं. तिथला एक जण पडत्या भावात घ्यायला तयार झाला. लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, डेस्टिनेशन बदलायचं पत्र गेलं, पण त्यासाठी मूळ घेणाऱ्याची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) हवी. ती संध्याकाळी उशिरा आली. लेटरहेड नाही, जुन्या कॅश बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला हाताने लिहिलेली, वर शिक्का. श्रीलंकेत कागदाच्या टंचाईने शाळांच्या परीक्षा पुढे गेल्या होत्या, दिवसाचे कितीतरी तास वीज नव्हती. आमच्या साहेबांनी लेटरहेडचा आग्रह धरला नाही, आणि नशिबाने लाइननेही नाही.

शेठना तोटा झालाच. घेणाऱ्याने मात्र आपल्या वाट्याचं पोर्टभाडं भागाभागाने चुकवलं. जुलैत तिथले राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले, तेव्हाही त्याचा एक हप्ता यायचा होता. तो आला.

पुढे मार्च २०२३मध्ये श्रीलंकेला आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. अटींमुळे तिथली वीज महागली, कर वाढले. मालाचा खप कमी झाल्याची आमच्या घेणाऱ्याची तक्रार असायची, पण पैसे वेळेवर यायला लागले. ऑर्डर पुन्हा सुरू झाली आणि ८ डिसेंबर २०२३पासून आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली.

आता डॉलर त्याच्याकडे तयार, आणि माल आमच्याकडे अडकलेला. पुढच्या एप्रिलात श्रीलंकेसाठी १०,००० टनांची सवलत निघाली, तीही सरकारी मार्गाने जाणारी. शेठनी विचारलं, "यात आपलं काही बसतंय का?" मी अधिसूचना पुन्हा एकदा वाचली आणि नाही म्हणालो.