ग्रंथपालासाठी वाचन-अध्यापनाचे प्रशिक्षण : माझा अनुभव

संशोधनाधारित वाचन-अध्यापनाचे प्रशिक्षण लहान मुलांशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला सक्तीचे असल्याची सूचना आमच्या शाळेत आली, तेव्हा ते मलाही करावे लागेल याचे मला मनापासून आश्चर्य वाटले. मी शाळेची ग्रंथपाल आहे. मुलांना अक्षरे शिकवणे हे वर्गशिक्षकांचे काम आणि पुस्तकांची गोडी लावणे हे माझे, अशी विभागणी मी इतकी वर्षे गृहीत धरली होती.

प्रशिक्षणाचे स्वरूप साधे होते. घटक ऑनलाइन वाचायचे, प्रत्येक घटकानंतर चाचणी द्यायची, आणि शेवटी एका मुलाबरोबर प्रत्यक्ष काम करून त्याचा अहवाल मार्गदर्शकांना सादर करायचा. पहिले दोन घटक मी संध्याकाळी घरी बसून पूर्ण केले. त्यांत गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेले एक सूत्र होते : वाचनाचे आकलन म्हणजे डीकोडिंग (छापील शब्द उलगडून वाचणे) गुणिले भाषेची समज. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, या एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले, कारण गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्यच येते. ज्या मुलाला गोष्ट ऐकून सगळी समजते, पण छापील शब्द उलगडता येत नाही, त्याच्या हाती कितीही सुंदर पुस्तक दिले तरी ते त्याच्यासाठी बंदच राहते. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालातील पाच अंगे, म्हणजे ध्वनिजागरूकता, अक्षर-ध्वनी संबंध, प्रवाही वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन, याच भागात आली. त्यांपैकी शेवटच्या दोहोंवरच आपण आजवर काम करत होतो, हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

तिसऱ्या घटकाच्या चाचणीत मी अनुत्तीर्ण झाले. ‘कमळ’ या शब्दात अक्षरे किती आणि ध्वनी किती, असा एक प्रश्न होता. अक्षरे तीन हे बरोबर आले, पण ध्वनीही मी तीनच लिहिले. वास्तविक आपण क्, अ, म्, अ, ळ् असे पाच ध्वनी उच्चारतो आणि लिपीत गृहीत असलेला शेवटचा ‘अ’ बोलताना गळून पडतो. जन्मभर मराठी वाचूनही हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. त्यानंतर मी तो घटक वही घेऊन पुन्हा वाचला, आणि सगळ्या प्रशिक्षणात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हाच भाग. ‘किरण’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जात असला तरी वेगळा ऐकू येतो. आणि एकच ‘र’ ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांत चार वेगवेगळ्या रूपांनी समोर येतो. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवले की अशा लिपीतील अक्षरांवर पूर्ण प्रभुत्व यायला शाळेची पहिली दोन वर्षे पुरत नाहीत. तिसरीतले मूल जोडाक्षरापाशी अडखळले की त्याला आळशी ठरवणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने हे समजून घेतले पाहिजे, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

दुसऱ्या प्रयत्नात ती चाचणी पार पडली. पुढचे दोन घटक तुलनेने सोपे गेले.

प्रात्यक्षिकासाठी मी तिसरीतली अशी एक मुलगी निवडली, जी रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येते आणि पुस्तक घेतल्याशिवाय कधी परत जात नाही. तिला वाचनाची अडचण असेल असे मला मुळीच वाटत नव्हते. तिने एक चित्रमय गोष्ट झरझर वाचून दाखवली, पण मी शब्दांवर बोट ठेवून ऐकत होते, म्हणून छापील ‘वानर’ तिने ‘माकड’ असा वाचलेला माझ्या लक्षात आला. पूर्वी असे झाले की अर्थ तर बरोबर आहे, असे म्हणून मी मुलांचे कौतुकच करत असे. चित्र पाहून अंदाज बांधण्याची ती सवय मीच पक्की करत होते. मग त्याच गोष्टीतील शब्द कोऱ्या कार्डांवर लिहून मी तिच्यापुढे ठेवले. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बाई, चित्र दाखवा ना.” त्या क्षणी मला फार वाईट वाटले, कारण ही मुलगी दोन वर्षे माझ्यासमोर बसून पुस्तके चाळत होती.

सहा आठवडे आम्ही दोघी रोज पंधरा मिनिटे बसलो. आधी शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकणे, मग तिला आलेल्या अक्षरांपासूनच तयार केलेली छोटी वाक्ये वाचणे, आणि तोच उतारा दोन-तीनदा मोठ्याने वाचून ओघ आणणे, एवढाच क्रम होता. तिच्या वर्गशिक्षिकांनाही मी ही कार्डे दिली, कारण वर्गात वेगळी पद्धत आणि ग्रंथालयात वेगळी असे झाले असते तर तिचा गोंधळ उडाला असता. गोष्टी मोठ्याने वाचून दाखवणे मी थांबवले नाही, ते थांबवण्याचे काही कारणही नव्हते.

शेवटच्या दिवशी मी तीच गोष्ट चित्रे झाकून तिच्यापुढे ठेवली. तिने ‘वा-न-र’ असे हळू जुळवत शब्द पूर्ण केला आणि मान वर करून विचारले, “बाई, वानर म्हणजे माकडच ना?” रफाराशी मात्र तिचे अजून जमलेले नाही आणि ‘गर्व’ ती ‘गरव’ असाच वाचते. अहवालात मी तिचा प्रश्न आणि ही चूक दोन्ही नोंदवली, आणि रफाराच्या शब्दांची कार्डे पुढच्या आठवड्यासाठी तयार करून ठेवली.