तेराव्या थापेला सरकलेला थर

कमरेइतका खोल खड्डा खणून त्याची वरच्या अंगाची भिंत फावड्याने नीट तासायला मला अर्धा तास लागला. त्या भिंतीत 30 बाय 30 सेंटिमीटरचा बर्फाचा खांब कापून सुटा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि बर्फाचे थर एकमेकांना कितपत धरून आहेत ते पाहायला थापा मारायला लागले. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा, असा क्रम. मनगटाच्या दहा झाल्या, खांब हललासुद्धा नाही. कोपरातून तिसरी मारली आणि वरचा हातभर जाडीचा थर टेबलाचा खण ओढावा तसा अलगद पुढे आला. पोटात गोळा आला माझ्या.

तुटल्या जागेचे कण भिंगाखाली धरले. निरभ्र, गार रात्री पृष्ठभागावर वाढलेलं पिसांसारखं दंव आणि त्याच्यावर पुढच्या हिमवर्षावाचं ओझं. वरून पाहिलं तर उतार इतका देखणा, की एकटी असते तर स्नोबोर्डवर उभी राहून केव्हाच निघाले असते. मोजला तर 36 अंश. थर सुटून येणारी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांतच होतात, म्हणजे बोर्डवर ज्याची खरी मजा येते त्याच उतारांवर.

गाईडचं शिक्षण घ्यायला आले तेव्हा वाटलं होतं, आपल्याला उतरता छान येतं, बाकीचं जमेल. पण इथे दिवसाचा मोठा भाग चढण्यातच जातो. स्प्लिटबोर्डचे, म्हणजे उभ्या चिरलेल्या स्नोबोर्डचे, दोन भाग करायचे, खाली स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, चिकटवायच्या आणि वाट काढत पुढे चालायचं. माझी वाट पहिले दोन दिवस फार उभी पडायची. मला झेपायची, पण मागचे वळणावळणाला घसरायचे. आता मागून बोलण्याचे आवाज येताहेत ना, याकडे कान ठेवते. बोलणं थांबलं की वाट आडवी घेते.

शोधाच्या सरावाचा दिवस मात्र मनातून जात नाही. बर्फात पुरलेल्या पिशवीत बीकन, म्हणजे गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून सिग्नल सोडणारं यंत्र, होता. सगळे बीकन 457 किलोहर्ट्‌झवरच चालतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा असला तरी सापडतो. सिग्नल पटकन मिळाला, प्रोबही, म्हणजे बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी, पिशवीला लागला. मग मी घाईघाईने प्रोबच्या अगदी वरूनच खणायला घेतलं. बर्फ पुन्हा खड्ड्यात ढासळत राहिला. प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, थोडं अंतर सोडून, आडवं आत शिरायचं असतं. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. त्या दिवशी पिशवीच्या जागी माणूस असता तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून पुन्हा पुन्हा खणलं.

थर सरकलेल्या त्या खड्ड्यापाशी सरांनी निर्णय मला घ्यायला सांगितला. बाकीचे पाच जण ग्राहकांच्या भूमिकेत. त्यातला एक म्हणाला, "अगं, पलीकडून कुणीतरी उतरलंय की! खुणा दिसताहेत."

खुणा खरंच होत्या. त्याला जवळ बोलावून तुटलेला थर दाखवला. म्हटलं, "एक जण गेला म्हणून दुसऱ्याखाली हा थर तुटणार नाही असं नाही. तो कुठे पातळ आहे ते वरून कळत नाही." त्याने हातमोजा काढून त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. बोटाला चिकटलेलं दंव बराच वेळ पाहिलं.

मग मी सगळ्यांना डाव्या सोंडेकडे वळवलं. तिथला उतार कुठेच 25 अंशांच्या वर नाही आणि त्याच्या डोक्यावरही उभा चढ नाही. एकेकाला सोडलं आणि खाली पोचल्यावर डोकी मोजली.