तो एजंट कुणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. "मॅडम, पोरगं लंडनला घर घेतंय. तिकडच्या एजंटवर विश्वास ठेवायचा का?" लग्नाच्या पंगतीत, कोर्टाच्या आवारात, विश्रामबागेत भाजी घेताना, कुठेही मला हाच प्रश्न येतो. कधी लंडनऐवजी दुबई असते, कधी न्यू जर्सी. सांगलीत जमिनींचे सर्च रिपोर्ट काढणं आणि खरेदीखतं करणं हा माझा व्यवसाय. ज्यांचे सातबारे मी पाहिले, त्यांचीच मुलं आता बाहेर घरं घेताहेत आणि त्यासाठी इथली जमीन विकली जाते आहे, म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो.

मी आधी उलट विचारते: तो एजंट कुणाचा? त्याला पैसे कोण देतंय?

आपल्याकडे हे कुणी विचारत नाही, कारण आपला एजंट दोघांचाही असतो. घेणाऱ्याकडून एक-दोन टक्के घेतो, विकणाऱ्याकडूनही घेतो. चहा मागवतो, दोघांना एका टेबलावर बसवतो, थोडं याचं थोडं त्याचं करून आकडा जुळवतो आणि इसारपावतीला साक्षीदार म्हणून सहीही करतो. ही पद्धत चांगली की वाईट हा वेगळा विषय आहे, पण तिची आपल्याला सवय झाली आहे. तीच सवय घेऊन आपण इंग्लंडमधल्या एजंटशी बोलायला जातो.

तिथला एजंट विकणाऱ्याचा असतो. कमिशन विकणारा देतो, घेणाऱ्याकडून सहसा एक पौंड घेत नाही. घेणाऱ्याने दिलेली प्रत्येक ऑफर त्याला विकणाऱ्याला लेखी कळवावी लागते. तो गोड बोलतो, वेळेवर फोन करतो, आई-बाबांची चौकशी करतो, आणि आपल्या माणसांना वाटतं, किती आपुलकी! मिरजेचं एक जोडपं व्हिडिओ कॉलवर मुलाबरोबर घर बघत होतं. एजंट तिथेच उभा होता. वडील भाबडेपणाने म्हणाले, "हे घर मिळायलाच पाहिजे, वेळ पडली तर आम्ही अजून वीस हजार पौंड घालू." मुलाची ऑफर फेटाळली गेली आणि बरोब्बर तेवढेच वाढवून मागितले गेले. एजंटने यात गैर काही केलं नाही. ज्याचं काम घेतलं होतं, त्याचं काम त्याने केलं. म्हणून तिथे तुमची वरची मर्यादा, घाई, मुलाला किती आवडलंय हे काही बोलायचं नाही. ते घरी, फोन ठेवल्यावर.

दुसरा गैरसमज "ऑफर मान्य झाली" या निरोपाचा. तो आला की इकडे पेढे वाटले जातात. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन्ही बाजूंच्या वकिलांनी करारांची अदलाबदल करेपर्यंत कुणीच बांधील नसतं. मध्ये दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्यात कुणी जास्त पैसे घेऊन आला तर विकणारा तुम्हाला सोडून त्याला घर देऊ शकतो, आणि तुम्हीही माघार घेऊ शकता. स्कॉटलंडची पद्धत निराळी, तिथे बांधिलकी बरीच आधी येते. मान्यता मिळाल्यावर घर बाजारातून काढून घेण्याची विनंती ईमेलने करायची आणि एजंटचं उत्तर जपून ठेवायचं, एवढं हातात असतं. जुन्या घरासाठी एजंटच्या हातात इसार म्हणून काही द्यायचं नसतं. डिपॉझिटची रक्कम वकिलाच्या खात्यातून जाते.

वकील मात्र स्वतः शोधायचा. एजंट नाव सुचवतो, कर्ज मिळवून देणाराही सुचवतो, आणि त्याबद्दल त्याला बरेचदा त्यांच्याकडून पैसे मिळतात. "आमच्याकडून कर्ज घेतलंत तरच तुमची ऑफर पुढे नेऊ," असं म्हणायला तिथल्या नियमांनी बंदी आहे. असं कुणी सुचवलं तर लेखी द्या म्हणायचं. इंग्लंडमध्ये एजंट होण्यासाठी परवाना लागत नाही, पण घरांचा धंदा करणाऱ्या प्रत्येक एजंटला सरकारमान्य तक्रार निवारण योजनेचा सभासद व्हावंच लागतं. तो कुठल्या योजनेत आहे हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं.

लेखी विचारण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. सांगलीत घर घेताना आपण सगळे एक प्रश्न न चुकता विचारतो: २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? २००५ ला? कृष्णेने आपल्याला हे शिकवलं आहे. पण तोच माणूस मुलाचं इंग्लंडमधलं घर नदीकाठी आहे हे फोटोत बघून "काय सुंदर जागा!" म्हणतो आणि पुढे काही विचारत नाही. तिथेही पूर येतात. इंग्लंडमधल्या कुठल्याही पत्त्याला पुराचा धोका किती, हे तिथल्या सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून फुकट बघता येतं. शेजारपाजारची घरं कितीला विकली गेली तेही लँड रजिस्ट्रीत, म्हणजे तिथल्या सरकारी जमीन-नोंदणी दफ्तरात, सगळ्यांना खुलं आहे. आणि महत्त्वाची माहिती दडवणं किंवा दिशाभूल करणं हा तिथे एजंटचा अपराध ठरतो, म्हणून पूर, भिंतीतली ओल, लीजची (दीर्घ भाडेपट्ट्याची) शिल्लक वर्षं, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) हे सगळं ईमेलवर विचारायचं. तोंडी "नो प्रॉब्लेम" म्हणणारा माणूस लिहिताना शब्द तोलून लिहितो, आणि त्यातून बरंच कळतं.

दुबईचं चित्र निराळं. पुण्या-कोल्हापूरच्या हॉटेलांत प्रदर्शनं भरतात, सुटाबुटातली मुलं हप्त्यांचा तक्ता समोर ठेवतात आणि "सर, आमचं कमिशन शून्य" असं सांगतात. ते खरंच असतं, कारण बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला फ्लॅट विकला की कमिशन सहसा बिल्डर देतो. म्हणजे तो बिल्डरचा माणूस. तुम्हाला कुठला फ्लॅट योग्य, यापेक्षा कुठला बिल्डर जास्त देतोय इकडे त्याचं लक्ष असणं स्वाभाविक आहे. जुना फ्लॅट घेताना घेणाऱ्याकडून साधारण दोन टक्के आणि त्यावर व्हॅट घेतला जातो. शिवाय लँड डिपार्टमेंटची चार टक्के फी असते, ती पहिल्या तक्त्यात बरेचदा दिसतच नाही.

पण दुबईत तपासायची सोय चांगली आहे आणि आपले लोक ती वापरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक ब्रोकरला नोंदणी क्रमांकाचं कार्ड असतं. प्रत्येक जाहिरातीवर परवान्याचा क्रमांक लागतो. 'दुबई रेस्ट' या सरकारी ॲपवर दोन्ही पडताळता येतात, प्रकल्पाचं काम कुठवर आलंय तेही कळतं. विकणारा आणि त्याचा एजंट यांच्यातला करार फॉर्म ए, घेणारा आणि त्याचा एजंट यांच्यातला फॉर्म बी, आणि घेणारा-विकणारा यांच्यातला फॉर्म एफ. तुमच्या एजंटने फॉर्म बी केलेलाच नसेल, तर तो तुमचा एजंट नाही, एवढं सरळ आहे. आणि बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या बँक खात्यात, जायला हवेत, हा तिथला २००७ चा कायदा आहे. एजंटच्या खात्यात पैसे मागितले तर उठून यायचं.

"आमचा माणूस पुण्यात आहे, त्याच्याकडे रोख द्या, तिकडे दिरहम मिळतील." हे वाक्य ऐकलं की मग तो कितीही ओळखीचा असो, माझं उत्तर नाही असंच असतं. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बँकेमार्फत कायदेशीर पाठवता येतात, घरातल्या प्रत्येकाला तेवढे. दहा लाख रुपयांच्या वर जाणाऱ्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच घेतलेला कर, कापला जातो, पण तो रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. तो वाचवण्यासाठी हवाल्याची वाट धरली तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, आणि तेवढ्या किमतीची इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणजे दुबईच्या फ्लॅटपायी विश्रामबागेतला बंगला. घर तुमच्या नावावर झाल्यावर ते दर वर्षी रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. दाखवलं नाही तर दहा लाखांचा दंड आहे, आणि हे सांगणारा एजंट मला अजून भेटायचा आहे.

विकणाऱ्यांसाठी थोडक्यात. मुलगा परत येतोय, तिकडचं घर काढायचंय, तेव्हा तीन एजंटांकडून किंमत काढून घ्यावी आणि सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याकडे जास्त संशयाने बघावं. काम मिळवण्यासाठी किंमत फुगवून सांगायची आणि सही झाल्यावर महिन्याभराने "बाजार पडलाय" म्हणायचं, ही चाल जगात सगळीकडे आहे. करारात तो किती आठवडे बांधतो, सोडायला नोटीस किती, आणि तुम्हीच शोधलेल्या गिऱ्हाइकावरही कमिशन मागतो का, ही कलमं वाचल्याशिवाय सही नको. अमेरिकेचं थोडं वेगळं. तिथे घर घेताना, ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्याच्या एजंटला घर दाखवण्याआधीच फीचा लेखी करार करावा लागतो. तिथलं घर मुलाने भारतात कायमचं परतल्यावर विकलं, तर किमतीच्या पंधरा टक्के रक्कम करापोटी आधीच कापून ठेवली जाऊ शकते. घर आधी विकायचं की परतल्यावर, हे म्हणूनच विमानाची तिकिटं काढण्याआधी ठरवावं.

आता पैसे देणाऱ्या आई-वडिलांविषयी, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते.

इंग्लंडमधला वकील आणि एजंट पैसा कुठून आला हे विचारतात. आपल्या लोकांना तो अपमान वाटतो. तो तिथला कायदा आहे, तुमच्यावर संशय नाही. जमीन विकून पैसे दिलेत तर खरेदीखत, त्याचं इंग्रजी भाषांतर, बँकेचे उतारे सगळं लागतं. इथे व्यवहारात जे रोख घेतलं, ते तिथल्या घरात घालता येत नाही. म्हणून मुलासाठी जमीन काढणाऱ्यांना मी सौद्याच्या आधीच सांगते: पूर्ण रक्कम चेकने घ्या.

त्यानंतर येतो नावाचा प्रश्न. "आम्ही पैसे देतोय तर घरावर आमचंही नाव लावा," असं वडील म्हणतात, आणि ते म्हणणं रास्त आहे. पण तुमच्या नावावर सांगलीत घर असेल, तर लंडनचं घर तुमच्यासाठी दुसरं ठरतं आणि पूर्ण किमतीवर पाच टक्के जादा स्टॅम्प ड्युटी लागते. तुम्ही तिथले रहिवासी नाही म्हणून आणखी दोन टक्के. चार लाख पौंडांच्या घरावर हे जादाचेच अठ्ठावीस हजार पौंड. मुलाचं नाव आधीच इथल्या बंगल्यावर लावून ठेवलं असेल तर त्याच्या एकट्याच्या खरेदीवरही ते पाच टक्के सहसा बसतात. नाव लावलं नाही, तर कर्ज देणारी बँक तुमच्याकडून एक पत्र मागते: ही रक्कम बक्षीस आहे, परत मागणार नाही, घरावर आमचा हक्क नाही. तासगावच्या एका आजोबांनी द्राक्षबाग विकून पैसे पाठवले आणि हे पत्र मुलाने मोबाइलवर पाठवलं म्हणून न वाचता सही केली. मुलगा चांगला आहे, पुढे काही बिघडलं नाही. तरी मी अर्थ सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

विकणाऱ्याचा एजंट यातलं काही सांगणार नाही. त्याचं ते कामच नाही. हे तुम्ही आणि मुलाने ऑफर द्यायच्या आधी बसून बोलायचं आहे: नाव लावून सात टक्के भरायचे, की बक्षीसपत्र देऊन हक्क सोडायचा. दुसरं ठरलं तर ते पत्र आधी मराठीत लिहून घ्या, दोघांनी वाचा, आणि बागेची सगळी रक्कम पाठवू नका. तुमच्या दोघांच्या औषधपाण्याचं आणि राहत्या घराचं बाजूला काढून उरेल तेवढंच बक्षीस द्या. मुलाला हे स्पष्ट सांगायला संकोच वाटत असेल तर त्याला माझ्याशी फोनवर बोलायला सांगा, मी सांगते.